सवडीनं ये

गुरुजी, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मला नीट आठवत नाही. पण काल जेवणावरून घरात जे झालं, तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही. सून पुण्याकडची, नवीनच आलेली. अकरा वाजता ती म्हणाली, "बाबा, सवडीनं जेवायला या." मी ओट्यावर बसून राहिलो. आपण हिला जड झालो, हेच मनात घोळत होतं. दोनला मुलगा तिरोड्याहून आला आणि चिडलाच. "काऊन बसून राहिले बाबा? तुमची सून उपाशी आहे तुमच्यासाठी!" म्हटलं, "मले कोणी बोलावलं?" "आता का बँड लावून बोलवाव तुम्हाले?"

आमच्या घरी सवडीनं करायचं काम म्हणजे न केलं तरी चालणारं. फाटकं पोतं शिवणं, मोडकी खाट विणणं. जो हवा असे, त्याला ओरडून बोलावत. "येतं का नाही बे, का आणू काठी?" असं माझे बाबा ओरडले की मला बरं वाटे.

तुम्ही दूरच्या मुलखातले. मी सातवीत होतो, धानाची रोवणी आली, मी सुट्टी मागितली. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणालात, "सवडीनं ये रे बाळ." मी दप्तर गोळा करतो आहे, आणि मनात एकच, गुरुजींना आपण नको आहोत. मग शाळेत गेलोच नाही. आजही सरकारी कागदातली भाषा कळत नाही, तो दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि यानं खरं वाचलं का, या शंकेनं झोप लागत नाही.

सगळा दोष त्या शब्दावर ढकलला की जरा हलकं वाटतं. पण रोवणी संपत आली तेव्हा तुम्ही आमच्या बांधीवर, धानाच्या शेतात आला होतात. चपला हातात, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. "येणार ना रे?" एवढंच विचारलंत. नको असलेल्या पोरासाठी कोणी एवढा चिखल तुडवत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी रुसलो होतो. म्हणालो, "बाबा पाठवत नाही." बाबांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. तुम्ही मान हलवली आणि परत फिरलात.

हा कागद मुलाला वाचून दाखवणार होतो. आता एवढं लिहून बसल्यावर दाखवायची हिंमत होत नाही.