अकरावा रकाना

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि मागून पान उलटल्याचा आवाज येतो. पहिल्या वर्षाच्या मुलांची जर्नल्स तपासत तू माझ्याशी बोलतेस, हे न कळण्याइतकी मी अजून म्हातारी झालेले नाही. मागच्या रविवारी मी मुद्दाम म्हणाले, की आपल्या गच्चीवर हत्ती आलाय. तू म्हणालीस, बरं झालं मावशी, काळजी घे. म्हणून आता कागद. कागदाला हं म्हणता येत नाही, तो शेवटपर्यंत वाचावा लागतो.

आधी माझा राग काढून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तुझ्या संशोधन समितीचं जे पत्र तू इथे टेबलावर आपटलंस आणि आठ दिवसांत वसतिगृहात राहायला निघून गेलीस, ते अजून माझ्याकडेच आहे. 'आपण संशोधन व अध्यापन यांव्यतिरिक्त अन्य उपक्रमात गुंतलेल्या असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे.' ही असली वाक्यं मी स्वतः शेकड्यांनी टाइप केली आहेत. एकोणतीस वर्षं त्याच इमारतीत, प्रबंध विभागात. त्यामुळे त्यांचा लबाडपणा मला चांगला ठाऊक आहे. कुणी सांगितलं, कुणी पाहिलं, काही नाही. गोष्ट जणू आपल्या पायांनी जिना चढून येते आणि समितीसमोर उभी राहते. पुढे काय, तर अन्य उपक्रम थांबवावा, अन्यथा अध्यापनाच्या नेमणुकीचा फेरविचार करण्यात येईल. आठवड्याला चौदा तास तू साठ मुलांना शिकवतेस, ते कमी करा असं एकालाही सुचलं नाही, कारण मग ते तास त्यांना घ्यावे लागले असते. त्याऐवजी मुलांसाठीचं ते नाटक कमी करा. नाटक कुणालाच घ्यावं लागत नाही.

आणि तुझे गाइड तर माझ्या डोक्यातच जातात. संशोधकाला छंद परवडत नाहीत म्हणाले ना तुला? त्यांच्या प्रत्येक व्याख्यानात पहिले सहा फोटो पक्ष्यांचे असतात. विषय काहीही असो, आधी ते धनेशाचं जोडपं येणार, मग आपण टाळ्या वाजवायच्या, मग मुद्दा. भल्या पहाटे दुर्बीण गळ्यात घालून हिंडतात, त्याला निरीक्षण म्हणायचं. तू शनिवारी दुपारी नाटकासाठी पुठ्ठा कापलास, तर तो वेळेचा अपव्यय.

बरं, नाटक थांबवलंस. वेळ वाचला. आता मला सांग, वाचलेला वेळ ठेवलास कुठे? मला काही तो दिसत नाही. तिसरं प्रकरण तू नाटकाच्या ऐन धामधुमीत सात आठवड्यांत लिहिलंस, आणि मी ते माझ्या जुन्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचायला बसले, तर पेन्सिल खाली ठेवून वाचत राहिले. नदीतल्या शिंपल्याच्या पाठीवरच्या रेषा, चांगल्या वर्षाची रुंद, दुष्काळाची बारीक. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी तो शिंपला एका दुष्काळात तोंड मिटून कसा बसून राहिला, हे मी शेजारणीला सांगितलं. चौथं प्रकरण चार महिने झाले चालू आहे. पाठवलीस ती अकरा पानं मी वाचली. समास बरोबर आहेत. याहून जास्त काही मला म्हणता येत नाही, आणि प्रबंध विभागातली बाई समासांचं कौतुक करायला लागली, की समजावं माणसाचं काही खरं नाही.

शिकवण्याचंही तेच. तालमी सुरू असताना तू त्या साठ पोरांना मैदानावर नेऊन रांगेत उभं केलंस, पाऊसकाळ बरा झाला तर मोठं पाऊल टाका, नदी आटली तर एवढंसं, आणि मग त्यांना मागे वळून स्वतःची पावलं मोजायला लावलीस. तोंडी परीक्षेत मागच्या बाकावरचा तो झोपाळू मुलगासुद्धा वाढरेषा म्हणजे काय ते उभं राहून चालून दाखवायला लागला, हे तूच हसत सांगितलं होतंस. आता तू त्यांना टिपणं लिहून देतेस. टिपणं वाईट नसतात. पण तुला जे येतं ते बाजूला ठेवून, सगळ्यांना येतं ते तू करायला लागली आहेस, आणि याला शिस्त म्हणते आहेस. शिस्त मला शिकवू नकोस, मी कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढली आहेत.

तू नऊ वर्षांची माझ्याकडे आलीस, तेव्हा तुझी आई जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि तू कुणाशी बोलत नव्हतीस. एका दुपारी तू माझा शिवणाचा डबा उघडून बटणं मांडून बसलेली दिसलीस. मोठं तपकिरी बटण रागावलेलं होतं, दोन भोकांचं एक पांढरं बटण त्याची समजूत काढत होतं. मी दाराआडून ऐकलं. मला मुलं वाढवायची काडीचीही माहिती नव्हती, पण एवढं कळलं, की हिचं जे काही बोलणं आहे ते या वाटेने बाहेर येणार. त्यानंतर तीन वर्षं माझ्या एकाही कपड्याला सगळी बटणं नव्हती. ऑफिसात पिना लावून जायची मी.

तुमच्या त्या नमुन्यांच्या खोलीतली तालीम मी पाहिली, ती मला तेव्हापासून सोडत नाही. सुट्टीचा वार, विभाग रिकामा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सापांच्या बरण्यांमध्ये एका स्टुलावर तू मला बसवलंस आणि दोन कपाटांमध्ये माझी चादर ताणलीस. मागे दिवा, पुढे पुठ्ठ्याच्या सावल्या. मग ती म्हातारी शिंपली आली, नदीच्या तळाशी बसून वर्षं मोजणारी, आणि पाणी कमी होत गेलं. पाण्याचा तो करकरता आवाज कसला, असं मी नंतर विचारलं, तेव्हा तुझी मैत्रीण लंबू म्हणाली, वटवाघळं. तिच्या संशोधनातलीच ध्वनिमुद्रणं, माणसाच्या कानाला ऐकू येतील इतकी संथ केलेली. म्हणजे तुझे शिंपले आणि तिची वटवाघळं एका चादरीवर भेटली होती. आणि मध्ये तुझी शिंपली जेव्हा विचारते, की तोंड मिटून वाट पाहायची की उघडून मरायचं, तेव्हा मी त्या सापांकडे पाहत बसले, कारण तुम्हा दोघींकडे पाहायची सोय नव्हती. वाचनालयातल्या मुलांपुढे प्रयोग व्हायला तीन आठवडे होते.

आता लंबूबद्दल. समितीचं पत्र आलं त्या दिवशी तू या स्वयंपाकघरात उभी राहून बोटं मोजलीस. हे नाटक कुणाकुणाला माहीत होतं? लंबूला आणि मावशीला. माझं बोट तू मोजलंस आणि मोजता मोजताच मिटलंस, त्याचा विचारसुद्धा केला नाहीस. उरली लंबू. ती समितीच्या बैठकांचं कारकुनी काम करते, तिलाच संधी, तिलाच पुढच्या वर्षीची नेमणूक हवी होती, असं सगळं तू अर्ध्या तासात जुळवलंस. फोन करून तिला जे बोललीस ते मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकलं. सहा वर्षांची मैत्री, एकाच सूक्ष्मदर्शकावर पाळीपाळीने काम केलेल्या मुली, आणि तू तिला विकाऊ म्हणालीस. पलीकडून तिने काही उत्तर दिल्याचं तुझ्या बोलण्यातून जाणवलं नाही. तेच तुला कबुलीसारखं वाटलं. त्यानंतर तू तिच्याशी एक शब्द बोललेली नाहीस, प्रयोगशाळेतल्या वेळा बदलून घेतल्यास, आणि मीही तोंड मिटून बसले.

मंगळवारी लंबू आली होती. चादर परत द्यायला. धुऊन, इस्त्री करून आणली होती, आणि दारात नेहमीसारखी वाकून आत आली. तिला दूरच्या एका संस्थेत दोन वर्षांचं काम मिळालं आहे, शनिवारी सकाळी सातच्या गाडीने ती जाते. तू विचारशील म्हणून सांगते, इथली नेमणूक तिने मागितलीच नव्हती. चहा केला. तुझं चौथं प्रकरण कसं चाललंय, असं तिने विचारलं. मी म्हणाले, समास बरोबर आहेत. ती हसली नाही. तुझ्याबद्दल इतकं हळू विचारत होती, की मला राहवलं नाही. मी तिला जरा कडकच म्हणाले, की त्या दिवशी दोन शब्द बोलली असतीस, मी नाही सांगितलं एवढं जरी म्हणाली असतीस, तर ही वेळ आली नसती. तिने कप खाली ठेवला.

"मावशी, बैठकीच्या फाइली मीच लावते," ती म्हणाली. "तो फॉर्म मी पाहिलाय. तुमचं अक्षर मला माहीत आहे."

ठमे, आता खाली बस आणि वाच. तालमीनंतर तिसऱ्या दिवशी तुला अठ्ठाविसाव्या वर्षी कांजिण्या आल्या, आणि सहामाही प्रगती अहवाल द्यायची ती शेवटची तारीख होती. तू सही करून कागद माझ्याकडे दिलास. कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर मी तो एकदा डोळ्यांखालून घातला, न घालता कसा देणार, आणि अकरावा रकाना कोरा दिसला: 'या कालावधीतील इतर उपक्रम'. कोऱ्या रकान्याचा कागद मी एकोणतीस वर्षं कुणाकडून घेतला नाही, कुलगुरूंच्या पुतण्याचासुद्धा परत पाठवला होता. कुणाला सांगू नकोस असं तू म्हणाली होतीस, ते माझ्या लक्षात होतं. पण रकाना म्हणजे काही कुणी नव्हे, आणि अकरावा रकाना आजवर एकाही समितीने वाचलेला मी पाहिला नव्हता. या वेळी एक नवे सभासद आले होते, ते वाचतात. पण खरं सांगायचं तर हे सगळं मी माझ्यासाठी रचलेलं आहे. रकाना भरायचाच होता, तर 'निरंक' लिहून मोकळं होता आलं असतं, सगळं जग तेच लिहितं. मी पेन टेकवलंही होतं. पण तीनच दिवसांपूर्वी मी त्या स्टुलावर बसले होते, आणि त्यावर मला निरंक लिहवेना. म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बालनाट्य: लेखन, दिग्दर्शन व सादरीकरण', आणि लिहून झाल्यावर, देवाशपथ, मला अभिमान वाटला. सही झालेल्या कागदात अक्षर घातल्याबद्दल मी माझ्या खात्यात माणसं उभी फाडली आहेत. नंतर तू बोटं मोजलीस, तेव्हा मी म्हणायला हवं होतं, आणि मी पाठ वळवून कुकर लावला. लंबूला मी विचारलं, की मग तू तिला सांगितलं का नाहीस, तर ती मुलगी म्हणाली, "तिला घरचं माणूस एकच आहे, मावशी. मैत्रिणी काय, मिळतील तिला." कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दिवसातून चाळीस वेळा 'सॉरी, सिस्टर' म्हणायचो, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात पार बोथट झाला आहे, तो मी तुला देत नाही. काल समितीला अर्ज दिला, की सदर नोंद उमेदवाराच्या सहीनंतर, तिच्या नकळत, माझ्या हातची आहे. नियमाप्रमाणे अशी नोंद बाद होते. तो नियम मीच टाइप केला होता. ते नाटक पुन्हा करू देतील की नाही, हे मला माहीत नाही. अर्जाची प्रत सोबत आहे. आज गुरुवार. हे पत्र मी स्वतः वसतिगृहाच्या फाटकावर देऊन जाईन, वर येणार नाही. इकडे यायची घाई करू नकोस, फोनही करू नकोस. माझ्यावर रागवायला तुला पुढची कितीतरी वर्षं आहेत, मी कुठे जात नाही. ती शनिवारी सातला जाते आहे.

अजून तुझीच, जर तू म्हणशील तर,
मावशी