तंबाखू, दारू : नाही

७ जून २००४, सोमवार
खोली छान आहे! खिडकीत कडुनिंब, खाली इडलीच्या गाडीशी गर्दी. ह्यांची अंबरनाथहून इकडे तमिळ मुलखात, आवडी गावच्या कारखान्यात बदली झाल्याला तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदाच आयतं जेवण मिळणार. उद्या पित्ताशयातले खडे काढतील. तरुण डॉक्टर अनंतकृष्ण यांनी फॉर्म भरताना तंबाखू आणि दारूचे रकाने माझ्याकडे न बघताच भरले. ‘नो.’ ह्यांना काहीतरी गमतीचं म्हणाले. हे हसले, मीही हसले. सकाळी मी ह्यांच्या बाटलीतली ब्रँडी नेहमीसारखी अर्धा पेला घेऊन, वर वेलची चघळून निघाले होते.

८ जून
ऑपरेशन नीट झालं. नर्स सईबाई तंजावरकडच्या. त्यांचं जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी ऐकून डोळेच भरून आले. संध्याकाळपासून हात कापताहेत. भुलीमुळे असेल.

९ जून
डोळ्याला डोळा नाही. घामानं उशी ओली. डॉक्टर म्हणाले, जखमेचा ताप, इंजेक्शन बदललं. दुपारी हे बाहेर गेल्यावर सईबाईंनी दार लोटलं.
“अम्मा, रोज काय घेत होतां? सांगा मला. एकदम तुटलं की असंच होतं; लपवलं तर जिवावर बेतेल.”
मी देवाची शपथ घेतली. काही नाही म्हटलं.

१० जून
चादरीवर मुंग्या. हे म्हणतात, नाहीत.
सईबाईंनी सकाळी ह्यांनाच विचारलं. हे भडकले, वर तक्रार केली. आता त्यांना या खोलीत पाठवत नाहीत.
चार वाजता डॉक्टर आले. मला ना तमिळ येत, ना इंग्रजी; माझं बोलणं हेच त्यांना सांगतात. मी म्हटलं, सांगा, मी रोज तुमच्या बाटलीतली घेते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं — चेहऱ्यावर जराही नवल नाही. मग इंग्रजीत बरंच बोलले. ब्रँडी इंग्रजीतही ब्रँडीच ना? त्यात तो शब्द आलाच नाही. जीभ वळेपर्यंत डॉक्टर दाराबाहेर —

११ जून
मुंग्या भिंतीत — बोलतात —
सलाइन उपटते म्हणून उजवा हात खाटेला बांधलाय. डाव्यानं लिहितेय.
हे म्हणाले, रत्नप्रभा, आपल्याला चार लोकांत राहायचंय.
बाहेर सईबाईंचा आवाज! व्हरांड्यातच —
मी हाक मारते. तो एकच शब्द —
हे उठले — दार ला