बाबांच्या शेडमधला बुटका वाइस

रविवार संध्याकाळ, बल्लारपूर

लोखंड पकडायचा हा वाइस बाबांनी इतका खाली काऊन बसवला असेल? घासता घासता पाठ भरून आली. वाइस कोपराच्या उंचीला पाहिजे, हे त्यांनीच शिकवलं, आणि ते तर माझ्याहूनही उंच होते! मग?

आज खाली ठोकळे द्यायला म्हणून बोल्टला पाना लावला, तर आई आली.

"काऊन खोलून राह्यला रे?"

"फार खाली आहे."

"कोणाले?"

माझ्या हातातली कानस घेऊन ती उभी राहिली. कोपर बरोब्बर वाइसला. चार हात मारले, काय सफाई!

धानकापणीच्या आधी लोक 'भाऊंच्या हातची धार' म्हणून विळे आणून द्यायचे. भाऊ म्हणजे बाबा, आणि ते तर दिवसभर ड्युटीवर असायचे.

मी बोल्ट परत कसले.