हिरवं म्हणजे चालू

ता. श्रीगोंदा,
दि. १४ डिसेंबर २०१२

चि. सौ. सुकन्या हिला आप्पांचा आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, पोरांना पापा.

आधी खुशाली. तुझ्या आईचा गुडघा, आपला ऊस आणि काळी गाय, तिघंही आपापल्या जागी उभे आहेत. उसाला तोड अजून आली नाही. टोळी आज येते, उद्या येते असं चाललं आहे. रात्री गारठा फार पडतो. तिकडे संगमनेरलाही पडत असेल. ड्यूटीला जाताना कानाला बांधत जा.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन करता आला असता. पण हल्ली फोनवर तू दोन शब्द बोलून ठेवतेस, आणि माझं पुढचं सगळं तोंडातच राहतं. शिवाय फोन आला की तुझी आई तो मोठ्या आवाजावर लावते, मग मी जे बोलायचं ते सोडून उसाबद्दल बोलत बसतो. पत्रात तसं करता येत नाही. म्हणजे येतं. वर आत्ताच केलं.

हर्षलचं लग्न मोडतं की काय, या भीतीने मागचा आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. ती भीती आता गेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तू नर्स झालीस तरी माझीच लेक आहेस, पुढचं वाचताना तुझंही काळीज धडधडेल.

हर्षल कारखान्यात कायम झाल्यावर त्याने शूटिंगचा कॅमेरा घेतला, तो तू पाहिलाच आहेस. घेतला नातवाने, पण सांभाळतो मी. धूळ बसू नये म्हणून तुझ्या आईच्या जुन्या मफलरीत गुंडाळून ठेवतो. लाइट कमीजास्त व्हायला लागली की चार्जिंगची पिन काढून घेतो. काचेला बोट लागलं की मला झोप येत नाही. गाय व्याली ते मी काढलं आहे, तुझी आई कोंबड्यांच्या मागे धावते ते काढलं आहे. मात्र आजवर बटण हर्षल दाबून द्यायचा. मी नुसता धरायचो.

साखरपुड्याला देवळाली प्रवऱ्याला मुलीकडे गेलो, तेव्हा हर्षल पाटावर. तो कॅमेरा उघडून माझ्या हातात देऊन म्हणाला, "आप्पा, अंगठ्यापाशी बटन हाय. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. बास."

आता चालू झालं की बंद, हे कळायचं कसं? बारक्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. इंग्रजीचं आणि माझं कधी जमलं नाही, पण रंग कळतात. जन्मभर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबला आहे मी. हिरवं चालू, लाल बंद. पडद्यावर हिरवी अक्षरं होती. म्हटलं चालूच आहे, आणि मुलीला कुंकू लावलं ते काढलं. झाल्यावर बटण दाबलं, लाल आलं, कॅमेरा गळ्यात सोडून दिला. साडी द्यायच्या वेळी परत दाबलं, हिरवं आलं, परत काढलं. अंगठ्या घातल्या, साखर वाटली, सगळं असं हिशोबाने काढलं. हात हलू नये म्हणून श्वास धरून उभा होतो. लोक म्हणाले, आप्पासाहेब अगदी फोटोग्राफर झाले. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हर्षलने घाईघाईत सगळ्याची सीडी केली आणि न बघताच देवळालीला जाणाऱ्या एकाजवळ दिली, कारण कारखान्यात त्याची पाळी होती. पुढे दोन दिवसांनी दुपारी तुझ्या आईने मागे लागून मला टीव्हीला वायर जोडायला लावली. आम्ही दोघंच घरात. बघतो तर काय, नुसती जमीन. सतरंजी, धोतराचा सोगा, कुणाच्या तरी हातातला पाण्याचा तांब्या, आणि चपला.

तुझी आई म्हणाली, "आवं, ही माझी चप्पल. पोरीचं त्वांड कुठंय?"

"यील. थांब जरा."

"कवा यील? समदी पायताणंच हायेत. साखरपुडा पोरांचा हुता का पायताणांचा?"

मी काढलं म्हणून जे जे समजत होतो, त्यातलं काहीच नव्हतं. जे बंद समजून गळ्यात सोडून दिलं होतं, ते सगळं होतं. मला घाम फुटला. ती हसत होती. मग पडद्यावर आपल्या जीपचा पत्रा दिसायला लागला आणि ती हसायची थांबली. परतीच्या वाटेवरचं होतं ते. जीपमध्ये आम्ही तिघंच, तुझा भाऊ ज्ञानेश्वर चालवत होता. चित्रात माझे गुडघे, आणि आवाज आमचे.

तो म्हणतो, "झालं बाबा एकदाचं. कुनी काय इचारलं न्हाई."

तुझी आई म्हणते, "गोळ्यांची डबी म्या माझ्या पिशवीत ठिवली हुती. अंगठी घालंस्तोवर लई धाकधूक हुती."

आणि मग मी. मोठ्याने, हसून. "आता लगीन लागंस्तोवर फिट आली न्हाई म्हंजी जिंकलं."

त्याच्यापुढे मी आणखी एक वाक्य बोललो आहे. ते पुढे लिहितो. आत्ता हात होत नाही.

तर सुकन्या, ज्या गोष्टीवरून तू माझ्याशी आणि ज्ञानेश्वरशी भांडून निघून गेलीस, ती गोष्ट अशी आम्हीच सीडीत भरून मुलीच्या घरी पोचवली होती. तू म्हणाली होतीस, हर्षलची फिट हा आजार आहे, कलंक नाही, गोळ्या चालू आहेत, सांगून टाका. मी म्हणालो होतो, बाईमाणसाने बैठकीत बोलू नये. तुझी चूक काढता आली नाही म्हणून ते म्हणालो. मला भीती होती. चांगलं स्थळ, चांगली मुलगी, एका शब्दाने जाईल अशी भीती.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. गेटवर मोटारसायकल वाजली की वाटायचं, आले अंगठी परत द्यायला. ज्ञानेश्वर म्हणाला, "न्हाई बघनार कुनी, सोडा." मला सोडता येईना. शेवटी मफलरीसकट कॅमेरा पिशवीत घातला आणि एस.टी.ने नगर, तिथून राहुरीकडची गाडी धरून देवळालीला गेलो. बहाणा ठरवला होता की रंग नीट आले नाहीत, सीडी परत द्या, हर्षल दुसरी करून देईल. कॅमेरा कशाला नेला ते माझं मलाच माहीत नाही. बहुतेक घरी ठेवला तर आणखी कुणी बघेल, म्हणून.

घरी मुलगी होती, राजनंदिनी, आणि तिची आई मागे गोठ्यात. मुलीने चहा केला. मी सीडीचं विचारलं.

"ती चाललीच न्हाई आजोबा. आमच्या डबड्यात नुसती गाणी वाजत्यात." तिने टीव्हीवरून सीडी काढून माझ्या हातात दिली.

मी ती कोपरीच्या आतल्या खिशात घातली. खरं सांगतो, त्या वेळी इतकं हलकं वाटलं की गार झालेला चहाही अमृतासारखा लागला. सुटलो. उठायच्या बेतात होतो, तर तिचं लक्ष पिशवीकडे गेलं.

"कॅमेरा आनलाय न्हवं? मग त्यातच बघू की."

नाही म्हणायला कारण सुचेना. तिने पडदा उघडला, बटणं दाबली, आणि चपला सुरू झाल्या. आधी तिला कळेना. मग कळलं, आणि ओढणी तोंडात धरून ती जी हसायला लागली!

"आजोबा, लाल आल्यावर चालू व्हतंय हे."

"मोटारीचं तर उलटं असतं."

"ही काय पान्याची मोटार हाय व्हय?"

तिचं हसणं बघून मीही हसलो. आणि तेवढ्यात जीपचा पत्रा आला. ज्ञानेश्वरचा आवाज आला, "झालं बाबा एकदाचं." मी हात घालून पडदा मिटून टाकला.

"आता चालू केलं का बंद केलं?" ती हसतच म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

सीडी माझ्या खिशात होती. कॅमेरा माझ्या हाताखाली होता. उठून आलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्या पोरीने माझ्या चपलांचं शूटिंग इतक्या मायेने पाहिलं होतं, की तिला परत एकदा फसवायला मला उठता येईना. मी म्हणालो, "पोरी, हर्षलला फिट येत्यात. ल्हानपनापास्नं. गोळ्या चालू हायेत, आता क्वचितच येती. आमी तुमास्नी सांगितलं न्हाई."

ती म्हणाली, "मला माहीत हाय."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं. दादांना सांगायला यायलाच निघाले हुते. मीच म्हनलं, थांबा. घरचं कुनी सांगतंय का बघू."

"आन कुनीच सांगितलं नसतं तर?"

"तर मी न्हाई म्हनले असते आजोबा. आजारापायी न्हवं."

सुकन्या, हे ऐकून मी किती तरी वेळ तिच्या पायांकडे बघत राहिलो. जे लग्न टिकावं म्हणून आम्ही लपवत होतो, ते लपवण्यानेच जाणार होतं. हे तू मला आपल्या ओसरीत सांगितलं होतंस. मला ते दुसऱ्याच्या घरी कळलं.

"दादांना मातर ठावं न्हाई," ती म्हणाली. "ते तुमीच सांगा. येतीलच आता."

तिचे दादा, म्हणजे वडील अमृतराव, डेअरीला दूध घालून आले. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या. मी उभा राहूनच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. ते ऐकत ऐकत किटल्या उतरवत होते. दुसरी किटली हातातच राहिली.

"आप्पासाहेब," ते म्हणाले, "बाजारात गाय इकताना बी मी गिऱ्हाइकाला सांगतो, कासेचा कोनता सड बंद हाय ते."

मी मान खाली घातली.

मग त्यांनी एकेक विचारलं. गोळ्या चुकवतो का? नाही. गाडी चालवतो का? नाही, मित्राच्या मागे बसून जातो. कारखान्यात काम कुठे? टाइम ऑफिसात, मशिनीपाशी नाही. डॉक्टर कोण? मी सांगितलं. म्हणाले, मी स्वतः एकदा डॉक्टरांना भेटेन. मी म्हटलं, अवश्य भेटा. ते आत गेले, बायकोशी आणि मुलीशी बोलले. मी बाहेर बाजेवर बसून विठ्ठलाचं नाव घेत होतो. बाहेर आले ते म्हणाले, "पोरगी ठाम हाय. पोरानं तिला आपनहून सांगितलं, त्याच्यावर माझा राग न्हाई. तुमच्यावर हाय." आणि मग विचारलं, "तुमच्या घरात एका बी मानसाला वाटलं न्हाई का, सांगावं म्हनून?"

मी म्हणालो, "वाटलं. माझ्या लेकीला. नर्स हाय ती. बोलली, तर आमी तिला गप केलं. साखरपुड्याला आली न्हाई."

ते म्हणाले, "मंग तारखेच्या बैठकीला त्यास्नी आना. मी त्यांच्यासंगं बोलून तारीख धरीन. तुमच्यासंगं न्हाई."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतल्यासारखं वाटलं. परतीच्या गाडीत मी झोपलो, नगरला कंडक्टरने उठवलं.

आता ते राहिलेलं वाक्य. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच लिहितो. जीपमध्ये मी म्हणालो, "सुकन्या आली न्हाई तेच बरं झालं. ती असती तर बोलून बसली असती." ते म्हणताना मी हसलो आहे. माझं हसणं मला तसं कधी ऐकू आलं नव्हतं. पुढे नुसता जीपचा आवाज येतो. टीव्हीपुढे मात्र तुझी आई म्हणाली, "हे पोरीला कळलं तर ती परत ह्या उंबऱ्यात पाय ठिवायची न्हाई." मी म्हणालो, "कळवनार हाय." तिने पदराने डोळे पुसले आणि वायर काढून ठेवली.

बैठक पुढच्या रविवारी धरली आहे, आपल्याच घरी. तुला रजा नसेल तर कळव, तुझ्या सोयीचा दिवस धरू. अमृतरावांना मी तसं आधीच सांगितलं आहे. आपल्याकडे बैठकीत बायका आत बसतात, हे मला कुणी शिकवायला नको, मीच ते तुला शिकवलं. या बैठकीत तू बाहेर बसशील, सतरंजीवर, पाहुण्यांच्या समोर. ज्ञानेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "ताईला आनायला मी सोता जातो." त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस. त्यालाही लाज आहे, त्याला ती बोलता येत नाही.

काय बोलायचं, काय विचारायचं, ते मी तुला सांगणार नाही. त्या दिवशी तू बोलशील तेच आपल्या घराचं बोलणं. मी शेजारी बसेन, आणि कुणी मला विचारलं तर तुझ्याकडे बोट करीन.

तुझा बाप,
आप्पासाहेब