मोंढ्याच्या रुमालानं निवडलेला तुमचा वारस

आदरणीय आप्पा,

शरणार्थ.

आज अमावस्या, मोंढ्यातला धान्याचा बाजार बंद. सकाळचे सात वाजलेत. तुमच्या आडतीच्या ओट्यावर बसून मी सगळ्यांच्या बुटांचा चिखल काडीनं काढत होतो. चिखल, आप्पा! लातुरात प्यायचं पाणी टँकरनं येतंय आणि आपल्या बुटांना चिखल! नांदेडचा आहे. काडी बाजूला ठेवली आणि म्हटलं, हे आधी तुम्हाला कळवलं पाहिजे. काल आपण जिंकलो. लातूर जिल्हा झाल्यावरची आपली पहिली मॅच, तीही नांदेडात जाऊन!

जिल्हा झालेला तुम्ही पाहिलात. त्या दिवशी मोंढाभर साखर वाटलीत आणि म्हणालात, "आता उस्मानाबादच्या नावानं खेळायचं न्हाई." मग ही एवढी एक मॅच बघायला थांबलात का नाही?

आणि जाताना संघात तुमच्या जागी कोण, ते का नाही सांगितलंत? आम्ही किती वेळा विचारलं! तुमचं उत्तर ठरलेलं. "का रे, मी काय मरायलोय का?" सगळे हसायचे, विषय संपायचा. तरुणपणी हैदराबादेत धंदा शिकायला गेलात आणि फुटबॉल शिकून आलात. तेव्हापासून बाप तुमच्या हाताखाली खेळले, मग त्यांची पोरं खेळली. तुमच्याशिवाय दुसरा माणूस कुणाच्या डोक्यातच नव्हता.

तुमच्या लिंगायत रीतीनं तुम्हाला समाधीत मांडी घालून बसवलं, तेव्हा आपला गोलकीपर कादरभाई माझ्या कानाशी म्हणाला, "देख, मैदान के बाजू में ऐसेच बैठते थे ना?" मला रडू तिथं फुटलं.

तुमच्यानंतर नावं दोन आली. एक खंडू, आपला कप्तान. क्विंटलाचं पोतं पाठीवर सहज नेणारा हमाल आणि तुमचा लाडका गोल मारणारा. दुसरे कॉलेजातले खेळाचे सर, त्यांच्याकडं प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आहे. कादरभाई म्हणाला, "दो में क्या मजा? तीसरा बाल्या का नाम डालो." बाल्या म्हणजे मी. शाळा सातवीत सुटलेला, पोत्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवणारा, संघातला राखीव गोलकीपर. सगळे हसले. मीही हसलो.

तोंडावर कुणी कुणाचं नाव घेईना. म्हणून तुमचे भागीदार शिवलिंगकाका म्हणाले, "भांडता कशाला? रुमालाखाली होऊन जाऊ द्या." मालाचा भाव ठरतो तसं. काकांनी हातावर रुमाल टाकला. एकेकानं खाली हात घालून त्यांची बोटं दाबायची. खंडूला एक बोट, सरांना दोन, मला तीन. मी स्वतः एकच बोट दाबलं, आप्पा. बहुतेकांनी एकच दाबलं होतं, ते नंतर कळलं.

शेवटचा हात बाहेर आला. काकांनी डोळे मिटले, झटक्यात रुमाल खांद्यावर टाकला आणि मोंढ्यात ओरडतात तसे ओरडले, "तीन! बालाजी!"

कुणाला काही कळेना. कादरभाई तोंडावर हात धरून म्हणाला, "काका, तीन तो मैंने दबाया. मेरे अकेले ने!"

काकांचा चेहरा उतरला. "आरं देवा! मी सगळ्यात वरची बोली काढली की रं!"

जन्मभर लिलाव केलेला माणूस. हात मोजायचे ते विसरला आणि मोठा आकडा पुकारून मोकळा झाला. खेळाचे सर उठलेच. "हा काय पोरखेळ आहे?" म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. बाकीचे म्हणाले, पुन्हा घ्या. पण काका हटून बसले. "रुमाल खांद्यावर गेला की सौदा फिरत न्हाई. आज मी फिरवला तर उद्या माझ्या दुकानी माल कोण आणील?"

मी म्हटलं, "मला नको. मला झेपणार नाही."

खंडू माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. शेवटी म्हणाला, "सौदा झाला. नांदेडपर्यंत बाल्याचं ऐकायचं. तिथं हरलो तर संघ मी चालवीन, नाहीतर मोडून टाकू."

म्हणजे तुम्ही उभं केलेलं सगळं एका मॅचवर, आणि ती मॅच माझ्यावर! मला झोप लागेना. काय करावं ते तुम्हालाच विचारत होतो. ऐकू येत होतं का?

मग एक आठवलं. नांदेडला नदी आहे. तिथं मैदानावर पाणी मारतात, माती मऊ असते. आपलं काळं रान दुष्काळानं असं कडक झालंय की चेंडू टप्पा घेऊन छातीपर्यंत उडतो आणि खंडू त्यालाच डोकं लावून गोल करतो. नांदेडात चेंडू उठणारच नाही! खंडू वाट बघत उभा राहील आणि चेंडू त्याच्या पायातून जाईल. याची तालीम करायची तर मऊ जमीन लागणार. लातुरात ती आणायची कुठून?

मांजरेच्या पात्रातून. नदी आटली, तरी वाळू आहेच की! काकांच्या ट्रकमधून सगळ्यांना तिथं नेलं. "मैदान सोडून खेळायचं न्हाई" हा तुमचा नियम मी मोडला. तुम्ही रागावला असतात, माहीत आहे मला.

वाळूत खंडूसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "नांदेडला तू पुढं नाही. मागं खेळायचंस, गोलजवळ."

"कुणी सांगितलं?"

"मी."

"आप्पांनी मला कधी मागं ठेवलं न्हाई."

"आप्पांनी आपल्या रानात ठेवलं नाही. तिथं त्यांचे उंच चेंडू आपल्या गोलवर येणार. ते डोक्यानं परतवायला तुझ्याशिवाय आहे कोण?"

त्यानं चेंडू डोक्याच्या उंचीवर धरला आणि सोडला. धप्पकन वाळूत बसला. त्यानं उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा तसंच. मग माझ्या शेजारून चालत मागं गेला आणि जागेवर उभा राहिला.

नांदेडात आम्ही ट्रकमधून उतरलो तर मैदानाच्या भिंतीवर बसलेली पोरं ओरडली, "ओ लातूरवाले, घागरी आणल्या का?" सगळं मैदान हसलं. कादरभाईनं मान वर करून उत्तर दिलं, "हाव! भरूनच नेतो!"

आणि आप्पा, काय खेळले आपले लोक! चेंडू जमिनीसरपट, एकाच्या पायातून दुसऱ्याच्या. वाळूत महिनाभर रखडलेले पाय हिरवळीवर कसे सुटले! नांदेडवाले उंच चेंडू टाकत राहिले आणि खंडू ते परतवत राहिला. त्याच्या कपाळाला चिखल, डोळ्यांत चिखल. उत्तरार्धात त्यानं परतवलेला एक चेंडू मिलिंदला मिळाला. वीज मंडळात नोकरीला लागलेला आपला मिलिंद! तो वाऱ्यासारखा निघाला आणि कोपऱ्यातून असा मारला की त्यांचा गोलकीपर हललाच नाही. त्यानंतर शिट्टी होईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. शिट्टी झाली आणि भिंतीवरची तीच पोरं टाळ्या वाजवत होती!

परत येताना ट्रकमध्ये काका छाती काढून म्हणाले, "बघा, माझा रुमाल कधी चुकत न्हाई."

खंडू म्हणाला, "काका, चुकलाच होता."

"चुकला. पण भाव चांगला आला का न्हाई?"

लोह्याला चहाला थांबलो. मी बाजूला उभा होतो. आता खंडू काय म्हणतो, याचीच धास्ती होती. तो अर्धापूरची केळी घेऊन आला, दोन माझ्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, परवा सरावाला कुठं यायचं? मैदानावर, का वाळूत?"

मास्तर! मला, आप्पा!

मी म्हटलं, "मैदानावर." आवाज जरा चिरकला, पण कुणी हसलं नाही.

आता एकच सांगतो, आणि रागावू नका. तुम्ही कुणाला संघातून काढलंत की त्याच्याशी बोलत नव्हतात. मॅचच्या दिवशी खुंटीवर त्याचा शर्ट नसायचा, त्यावरून त्यानं समजायचं. माझ्या थोरल्या भावाला तसंच कळलं होतं. त्या दिवसापासून तो मैदानाच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. तुमच्या सगळ्या गोष्टी मी घेईन, ही नाही घेणार. ज्याला बाहेर बसवायचं, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून सांगेन. खंडूची ती वेळ येईल, तेव्हा त्यालाही. आवाज चिरकला तरी सांगेन. हा शब्द देतो.

तुमचा,
बालाजी