रद्द ठरलेले मत न्यायमूर्तींच्या बेरजेतून वजा करणेबाबत

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
टॅलोवा काउंटी,
काउंटी कोर्टहाउस, तळमजला.

विषय : "चुकून मत दिले" या कबुलीनाम्यावर सही करण्यास नकार, व सदर मत मा. न्यायमूर्ती हार्लन मॅब्री यांच्या मतांतून वजा करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. ३ एप्रिलची नोटीस.

महोदया,

अर्जदार ओथा ग्रिसम, वय ६८, माउंट नीबो चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळतो. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्याचा ट्रॅक्टर पळवल्याबद्दल त्याने पुरी शिक्षा भोगली. शिक्षा संपली, मताचा हक्क मात्र परत आला नाही. आपल्या राज्याचा कायदाच तसा होता. पुढे लोकांनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या, मतदान झाले, आणि राज्याच्या घटनेत दुरुस्ती झाली : शिक्षा भोगून झालेल्याने मत द्यावे व ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा निवाडा देणाऱ्या नागरिकांतही, बसावे. दुरुस्तीचा मजकूर सरकारने आधी तपासून मंजूर केला होता, हे येथे नमूद करणे भाग आहे.

त्यानंतरच्या निवडणुकीत अर्जदाराने आयुष्यातले पहिले मत दिले. त्याची बहीण क्लिओटा हिने शर्टाला इस्त्री करून दिली, वर "लग्नाला निघाल्यासारखा काय नटतोस, म्हाताऱ्या?" असा टोमणाही मारला. अर्जदाराला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

आपल्या राज्यात न्यायमूर्तीही मतांनीच निवडले जातात; त्याच निवडणुकीत मॅब्रीसाहेब राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी उभे होते. ऑक्टोबरात चर्चच्या अंगणात मासे तळले जातात तेव्हा उमेदवार येतातच, तसे तेही आले. अर्जदाराच्या हातचे दोन वेळा वाढून घेतले आणि तेलकट हात हातात घेऊन म्हणाले, "ओथा, मतपत्रिकेवर माझं नाव सगळ्यात खाली आहे. तिथपर्यंत वाचत या, विसरू नका बरं का!" अर्जदार खालपर्यंत वाचत गेला. साहेब अवघ्या एकशे बारा मतांनी निवडून आले. दुरुस्तीमुळे नव्याने नोंदलेले मतदार एकट्या आपल्या काउंटीत त्याच्या दुप्पट होते.

यंदा मार्चमध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती एका मताच्या फरकाने रद्द केली, आणि निकालपत्र मॅब्रीसाहेबांनीच लिहिले. कारण असे की, मत आणि ज्यूरी हे दोन विषय असून एका दुरुस्तीत एकच विषय हवा. अर्जदार कायदा शिकलेला नाही. परंतु चर्चच्या ताटात मासा आणि कोबीची कोशिंबीर एकत्रच वाढलेली होती, आणि दोन विषय झाले म्हणून साहेबांनी ताट परत केल्याचे कोणी पाहिले नाही.

निकालात दुरुस्ती मुळापासूनच रद्द म्हटली आहे. म्हणजे अर्जदाराने मत दिले तेव्हाही त्याला हक्क नव्हता व तो गुन्हा ठरतो, असे आपली नोटीस म्हणते. ठीक आहे. मग गुन्ह्याचा माल साहेबांकडे कसा राहतो? ट्रॅक्टर पळवला तेव्हा तो मालकाला परत द्यावा लागला होता. खिडकीवर हे विचारले असता आपल्या कारकून बाई म्हणाल्या, "मिस्टर ओथा, मतदान गुप्त असतं. तुमचं मत आता कसं शोधायचं? झाली ती निवडणूक झाली." अर्जदार ते गुप्त ठेवू इच्छित नाही. मत मॅब्रीसाहेबांना दिले, असे तो शपथेवर लिहून देतो. वजा करावे. इतरांनाही विचारावे आणि मग बेरीज पुन्हा मांडावी.

कबुलीनाम्यावर शुक्रवारपर्यंत सही केल्यास खटला होणार नाही, असे आपण कळवले आहे. बाईंनीही समजावले, "सगळेच करतायत हो. दोन मिनिटांचं काम." क्लिओटा तर रडून म्हणाली, "या वयात पुन्हा आत जाणार का? कर की सही, मेल्या!" तिचे रडणे अर्जदाराला बघवत नाही. तुरुंगाची त्याला भीतीही वाटते; जो आत राहून आला आहे त्यालाच ती खरी वाटते.

तरीही सही होणार नाही. "मला न कळता माझ्या हातून मत दिले गेले" असे त्या कागदावर छापले आहे, आणि ते खोटे आहे. अर्जदाराने मत समजून उमजून दिले. माणूस चुकीचा निवडला, एवढीच चूक झाली. तशी चूक या काउंटीत दर निवडणुकीला हजारो लोक करतात आणि त्यांच्या दारी पोलीस येत नाहीत.

अर्जदार शुक्रवारी दिवसभर चर्चच्या स्वयंपाकघरात असेल. मागच्या दाराने यावे, पुढे लोक जेवत असतात.

अद्याप आपला मतदार,
ओथा ग्रिसम
दि. ११ एप्रिल

सोबत : १) मतदार ओळखपत्र (परत मिळावे). २) कबुलीनामा, सही न केलेला (परत नको).