खाऱ्या पाण्यातला हात

३ सप्टेंबर १९९६, हसनाबाद
आलो एकदाचा. रत्नागिरीहून पिंपात आणलेली माझी चाळीस समुद्री गांडुळं एसटीचे धक्के खाऊनही जिवंत आहेत. कॉलेजनं प्रयोगशाळा दिली, काचेची मोठी टाकी दिली आणि मदतीला कडूबाई दिली. समुद्र सोडून जालना जिल्ह्यात ही ब्याद कशाला, असं प्राचार्यांनी हसत विचारलं. पीएच.डी.साठी, म्हटलं.

९ सप्टेंबर
ही गांडुळं पाण्यातली ॲमिनो आम्लं थेट कातडीतून शोषतात. मादी तर अंड्यांसाठी स्वतःचे स्नायूही विरघळवते. माझ्या माद्या मात्र ढिम्म. डिसेंबरपर्यंत अंडी फळली नाहीत तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात.

१४ सप्टेंबर
कडूबाईनं दहा वर्षं कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंग केलंय, नराचं फूल मादीच्या फुलाला चोळायचं काम. आज मला न विचारता तिनं टाकीत हात घातला आणि नर उचलून मादीला चोळला. "सर, हे बी क्रॉसिंगच हाय की," म्हणाली. मी ओरडणार तोच पाणी दुधाळ झालं. अंडी फळली! तिच्या बोटाला चीर होती, पण खारं पाणी झोंबलं नाही म्हणे.

१८ सप्टेंबर
तिचा हात पाण्यात असेल तरच अंडी वाढतात. हात काढून फार वेळ गेला की मरायला लागतात. रोज दोन तास ती स्टुलावर बसते. आज दोघांच्या अंगठ्यांचे ठसे कागदावर घेऊन निनहायड्रिन, म्हणजे ॲमिनो आम्लं जांभळी दाखवणारं रसायन, वापरलं. घामातल्या ॲमिनो आम्लांमुळं माझा ठसा जांभळा उमटला. तिचा कागद कोरा राहिला; तिच्यातली आम्लं अंडी शोषतायत. मी तिला काही बोललो नाही. लाज वाटते, पण नाही बोललो.

२१ सप्टेंबर, शनिवार
तिचा दंड हाडाला चिकटलाय. बांगड्या कोपरापर्यंत घसरतात. दवाखान्यात न्यायलाच हवं— सोमवारी नेतो. दोन दिवसांत पिल्लं पोहू लागतील.

२३ सप्टेंबर
दवाखान्यासाठी जीप आणली, ड्रायव्हर बद्रीनाथ खाली थांबलाय. कडूबाई उठत नाही. रात्रभर इथंच होती वाटतं. चीर मनगटापर्यंत गेलीय, आत काहीतरी हलतंय— "लेकरं उपाशी हाईत, मंग कुठं येऊ," म्हणते.

दुपार
ओढली. हात सुटेना. सोडवायला माझा हात घातला—
ती गेली. माझ्यामुळं.
पिल्लं माझ्याकडं वळली. दुखत नाही, हेच भयंकर. डावा हात निघत नाही. उजव्यानं लिहितोय— बद्रीनाथ हाका मारतोय, जिन्यावर आलाय. ओरडायला जातो, आवाज फुटत नाही. इशारा इथंच लिहून वही दारासमोर धरतो. बद्रीनाथ, मला सोडवायला पाण्यात हात—